दहावं घर

आमच्या घरात दिवसातून एकदाच चूल पेटायची. वडील पाटलाकडे सालदार. पहाटे जायचे, अंधार पडल्यावर यायचे. आई निंदणीला जायची. कळण्याची भाकरी, मिरची, मीठ. मिरची संपली की नुसतं मीठ. पारोळ्याजवळचं गाव, आणि आमची वस्ती नाल्यापलीकडे.

मी चौथीत होतो तेव्हा शहरातून एक साहेब आला. गावातली माणसं काय खातात याची पाहणी करायची होती. सगळ्यांना विचारायला वेळ नव्हता, म्हणून चावडीपासून मोजत जायचं आणि दर दहावं घर घ्यायचं. मोजता मोजता तो नाल्यापलीकडे आला. आमचं घर दहावं निघालं. शिपायानं दाराशेजारी भिंतीवर गेरूनं आकडा घातला. उद्या येतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आईनं मजुरी बुडवली. पहाटेच भिंत सारवली. आकड्याभोवतीची वीतभर जागा तेवढी कोरडी ठेवली.

"तू काय सांगशी, माय?" मी विचारलं.

"जे शे ते सांगसू. दपाडासारखं शेच काय आपलाकडे?"

खरंच, लपवायला होतंच काय?

साहेबाबरोबर पाटील आले. त्यांनी घराकडे बघून नाक मुरडलं.

"साहेब, इथं काय लिहिणार? गावाची अब्रू जाईल. माझ्या चुलतभावाकडे चला. दूध तापतंय."

साहेबानं घड्याळ पाहिलं. होकाराची मान हलवली.

आई बोलली. पाटलासमोर जन्मात पहिल्यांदा. "आबा, आमनं घर बी गावमाच शे ना?"

"गावमा शे. मोजामा नही." बरोबरचे हसले. "पुस तो आकडा."

आईनं पदर पाण्यात बुडवला आणि स्वतःच्या हातानं आकडा पुसला. गेरूचा डाग पदराला बसला तो बसलाच. लुगडी दोनच. वर्षभर तो डाग मी बघत होतो.

धुळ्याला वसतिगृहात राहून शिकलो. पुढे पुण्याला बी. ए. झालो. गावात पहिला. आमच्या घराण्यात तर सही करणारासुद्धा मीच पहिला. कॉलेजात संख्याशास्त्राच्या तासाला प्रोफेसर म्हणाले, "नमुन्यात निघालेलं घर सोयीसाठी बदललं की सगळ्या गावाचा आकडा खोटा होतो." वर्गानं लिहून घेतलं. मला लिहावं लागलं नाही.

शिंदखेडा तालुक्यात मी तशाच पाहणीवर लागलो. एका गावात दहावं घर निघालं ते गावाबाहेर राहणाऱ्या एका विधवा मजुरणीचं. तिथल्या पाटलांनी मला ओसरीवर बसवून चहा दिला.

"भाऊ, तिच्याकडे काय सापडणार? माझ्या पुतण्याचं घर लिहा."

"घर बदलता येत नाही."

"कोणाचे तुम्ही?"

"पारोळ्याकडच्या सालदाराचा मुलगा."

"तरीच!" त्यांनी गड्याला खूण केली. माझ्यासमोरची कपबशी उचलली गेली. चहा अर्धा तसाच.

  मी उठलो नाही.

"आबा, बाजारात व्यापारी तुमच्या गाडीतला कापूस वरवर बघतो का?"

त्यांनी पानाचा डबा जवळ ओढला.

"कोपरापर्यंत हात घालतो. तळातून मूठ काढतो. वर पांढराशुभ्र, खाली ओला, हे त्याला ठाऊक असतं. माझ्या वडिलांनाही ठाऊक होतं. आमच्या पाटलाच्या गाड्या तेच भरायचे."

मग उठलो. सरळ त्या बाईकडे गेलो. ती दारातच उभी राहिली.

"आठे काय लिखशात, भाऊ? काल चूल पेटनी नही."

मी तेच लिहिलं. काल चूल पेटली नाही.

पाटलांची तक्रार माझ्याआधी कचेरीत पोचली होती. वरचे साहेब म्हणाले, "हे पान बदला." मी म्हणालो, "बदला. पण माझी सही खोडा आणि खाली तुमची करा." त्यांनी बराच वेळ पेन हातात धरलं. सही केली नाही.

ते पान अहवालात गेलं. त्या बाईचं घर मोजलं गेलं. माझ्या आईचं घर कुठल्याच कागदावर नाही, आणि आता येणारही नाही. आई गेली.

त्यानंतर मी कितीतरी गावं मोजली. ओसऱ्यांवरचा चहा सोडला. निघालेलं एकही घर माझ्या हातून बदललं गेलेलं नाही. बदललं जाणारही नाही.