जोर शेवटच्या अक्षरावर

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना सगळे 'बरंय' म्हणत. मुलगी वर्गात पहिली आली? बरंय. नवं घर कसं वाटतंय? बरंय. माणूस लाखातला, पण कौतुक करायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटायची.

त्यांच्या मुलीने एका ग्रीक मुलाशी लग्न केलं. व्याही-विहीण पहिल्यांदाच घरी येणार होते. मुलगी-जावई सुट्टी मिळेना म्हणून मागून. मुलीने फोनवर बजावलं, "बाबा, त्यांच्यासमोर बरंय-बिरंय चालणार नाही. एकच शब्द शिका. पोली. म्हणजे खूप. जेवण आवडलं? पोली. आनंद झाला? पोली. कुठेही खपतो. फक्त जोर शेवटच्या अक्षरावर द्या. पहिल्यावर दिलात तर 'शहर' होतं."

बरंय लिफ्टच्या टपावर बसून घोकू लागले. पण जन्म गेला गंजलेले नट सोडवण्यात. आधी हिसका द्यायचा, मग हात सैल सोडायचा. शब्दालाही त्यांनी तसाच हिसका दिला. "पोऽली!" वरच्या मजल्यावरच्या बाईंना वाटलं, आत कुणीतरी अडकलंय. त्यांनी रखवालदाराला हाका मारल्या.

पाहुणे आले. विहीणबाईंनी छातीवर हात ठेवून काहीतरी प्रेमाने विचारलं.

"पोऽली!" बरंय गरजले.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, बॅगा तिथेच ठेवल्या आणि दाराकडे बोट दाखवलं. चौघं दुपारभर गाव पायाखाली घालून आले. रात्री विहीणबाईंनी सुपाकडे चमचा रोखून हसत विचारलं. "पोऽली!" लगेच चमचे खाली, बूट पायात. व्याह्यांनी जाता जाता खिशात पाव कोंबला.

"अहो, सूप गार होतंय!" बायको म्हणाली.

"त्यांना फिरायची भारीच हौस दिसते," बरंय कुजबुजले. "पाहुणे आहेत, चल गुपचूप."

दुसऱ्या दिवशीही तेच. काही विचारलं की पूल, वाचनालय, बंद असलेली बँक, पुन्हा पूल. यजमानांना वाटे पाहुणे वेडे, पाहुण्यांना वाटे यजमान. नाही कोण म्हणणार? शेवटी बस डेपोच्या पायरीवर बरंयंनी बसकण मारली. विहीणबाई काळजीने वाकल्या आणि काहीतरी म्हणाल्या. हिसका द्यायला अंगात त्राणच नव्हतं. पहिलं अक्षर फुस्सकन निघून गेलं आणि उरलेलं कण्हत बाहेर पडलं.

"पो... लीऽ."

विहीणबाईंचा चेहरा उजळला. त्या धपकन शेजारी बसल्या, बूट काढला, टाचेवरचा फोड दाखवला आणि म्हणाल्या, "पारा पोली!" त्याला दुभाष्याची गरज नव्हती.

संध्याकाळी मुलगी-जावई आले. दार उघडंच होतं. आत दोन बादल्या, एक टब आणि एक मोठं पातेलं, आणि त्यांत पाय सोडून बसलेले चौघं. एकमेकांच्या टाचा दाखवत "पारा पोली, पारा पोली" म्हणून हसून हसून बेजार.

"आई, हे काय?"

"काही नाही गं. आधी पाणी गरम कर," आई डोळे पुसत म्हणाली, "व्याह्यांचं निवलंय."