सातूच्या पोत्याला लाथ

मंडळी, नाकावर टाके घेऊन टाइप करतोय, शुद्धलेखन तपासू नका.

खडकीत माझी छोटी ब्रूअरी आहे. बिअर इथल्याच सातूची करायची, म्हणून मामेभाऊ दत्ताने लोणी काळभोरला तीन वाण लावले होते. एकाचा दाणा बारीक निघाला, दुसरा वाऱ्याने आडवा झाला. तिसरा मात्र टपोरा, एकसारखा. ठरलं, हाच.

आज दत्ता त्याचं पोतं घेऊन आला. उघडलं तर दाणे पांढरेशुभ्र! पुण्यात न्यायचं म्हणून साहेबांनी गिरणीत पॉलिश करून आणलं होतं. अहो, साल काढली की कोंब मेला. मोड येत नाहीत, आणि मोडाशिवाय बिअर होत नाही.

"सगळंच पॉलिश केलंस?"

"सगळं. बियाण्यासकट."

माझं डोकं फिरलं. पोत्याला सणसणीत लाथ घातली. दाणे फरशीभर उडाले.

त्याने लोखंडी माप उचलून माझ्या तोंडावर हाणलं. मीही त्याला टाकीवर आपटलं. पांढऱ्या दाण्यांवर रक्त ठिबकत होतं आणि माझा गळा आवळून तो ओरडत होता, "नापास कर की! पर धान्याला पाय लावतूस व्हय रं?"

कामगारांनी सोडवलं. मग फाटक्या ओठाने, गुडघ्यांवर बसून तो दाणे गोळा करत राहिला. कधीच न उगवणारे दाणे.

तो मूर्खच आहे, हे मी उद्याही म्हणेन. पण मारामारी कोणी सुरू केली, तुम्हीच सांगा. टाके नाकाला पडलेत, ठणकतोय मात्र पाय.