बेबीताईनं लावलेलं घर

“पुढची खोली मोकळी कर.” फोनवर आमचे हे एवढंच म्हणाले. हॉस्पिटलातलं माणूस कसं आहे हे सांगायच्या आधी कुणी खोली मोकळी करायला सांगितलं, की पुढचं काही विचारायचं नसतं. मी फोन ठेवला आणि कामाला लागले. खुर्च्या ओसरीवर नेल्या, टीपॉय कॉटखाली सरकवला, सतरंजी झटकून घातली. डोळ्यांत पाण्याचा टिपूस नव्हता. शेजारच्या काकू धावत आल्या तेव्हा मी खिडकीच्या गजांवरची धूळ पुसत होते. त्यांनी हातातलं फडकं काढून घेतलं तेव्हा कुठे मी खाली बसले. खोल्या मोकळ्या करण्यात मी हुशारच आहे. ते कसं, हे सांगायलाच आज लिहायला बसलेय… बेबीताईला जाऊन सव्वा महिना झाला.

बेबीताई माझी थोरली जाऊ. कागदोपत्री तिचं नाव चांगलं भारदस्त होतं, पण माहेरच्यांनी लहानपणी बेबी म्हटलं आणि चाळिशी उलटली तरी ती बेबीच राहिली. माहेर गणेशपुरीकडचं, भातशेतीवाल्यांचं. चौथीपर्यंत शाळा. मी कल्याणची, बी.ए. झालेली, लग्न होऊन शेलार गावात आले ती नाक वर करूनच. पहिली दोन वर्षं मी तिला अहो-जाहो करायचे. मग एकदा तीच म्हणाली, “तुमी तुमी करतेस तवा वाटतं ब्यांकेत बसलेय.” तेव्हापासून अगं-तुगं सुरू झालं. मोठे भाऊजी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आमचे हे कशेळीच्या गोदामात, मी जवळच्या गावातल्या शाळेत क्लार्क. दोघींची मिळून तीन पोरं, आणि सगळ्यांत मिळून एकच स्वयंपाकघर. ते बेबीताईचं होतं. त्यावर कुणाचं दुमत नव्हतं, माझं सोडून.

कारण त्या स्वयंपाकघरात कायदे होते. दाराआड ओळीनं खिळे, प्रत्येक खिळ्याला एक कापडी पिशवी. लूमवरून भाऊजी कोऱ्या कापडाचे उरलेसुरले तुकडे आणायचे. दिवसा लाइट गेली की आख्ख्या गावातल्या मागांचा खडखडाट बंद व्हायचा, आणि त्या शांततेत हिचं पायाचं मशीन सुरू व्हायचं. लाल दोऱ्याची पिशवी भाजीची, हिरव्याची किराण्याची, पिवळ्याची गिरणीची, निळ्याची मासळीची. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, भांड्यांचं पहिलं पाणी केळीला. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर चिमट्यानं वाळत घातलेल्या. मागच्या दारी एक जुना निळा ड्रम, त्यात भाजीची देठं, साली, चहाचा चोथा, वर मूठभर माती. हे सगळं ती कुठे शिकली नव्हती. पर्यावरण हा शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. ती फक्त विचारायची, “फेकलं म्हंजे गेलं कुठं गो ते? हितंच हाय ना?” आणि मला राग यायचा.

लग्नानंतरच्या सत्यनारायणाला मी या कायद्याचा चांगलाच पचका केला. फुलं, दुर्वा, विड्याची पानं आणायला मला बाजारात पाठवलं, आणि मी घाईघाईत दाराआडची निळ्या दोऱ्याची पिशवी उचलून निघाले. भटजी चौरंगापुढे बसलेले, सासूबाईंनी पानं काढली, नाकाशी नेली… आणि झटकन लांब धरली. सत्यनारायणाच्या विड्याला बांगड्याचा वास! सासूबाई तोंड उघडणार तोवर बेबीताई मधे आली. “मीच दिली तिला ती पिशवी, मलाच कळलं न्हाय.” खरं तर मी पिशवी उचलली तेव्हा ती न्हाणीघरात होती. शिव्या तिनं खाल्ल्या, नवी फुलं-पानंही तीच धावत जाऊन घेऊन आली. दुसऱ्या दिवशी मासळीच्या पिशवीवर तिनं निळ्या दोऱ्यानं एक मासा काढला, माझ्यासाठी. मासा कसला, वाकडं पान वाटत होतं. पण त्यानंतर माझी चूक झाली नाही.

सुधारले मात्र नाही. शाळेतून येताना, माहेराहून येताना काहीबाही प्लास्टिकच्या पिशवीतून आणायचंच. दोन हजार पाचच्या पावसात आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर गटार मोकळं करायला आम्ही दोघी लोखंडी सळई घेऊन उतरलो. जाळीत नुसत्या पिशव्या अडकलेल्या, एकात एक गुंतलेल्या. बेबीताईनं एक ओढून काढली, चिखल पुसला आणि माझ्यासमोर धरली. “ही वळखलीस का?” तिच्यावर कल्याणच्या मिठाईवाल्याचं नाव होतं. शेलारात कल्याणची मिठाई आणणारी मी एकटीच! मी आधी लाजले, मग हसू फुटलं, मग दोघी त्या घाणीत उभ्या राहून इतक्या हसलो की भाऊजी बघायला बाहेर आले. त्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये घडी केलेली पिशवी असायची. तिचा कायदा मला पटला असं नाही म्हणणार मी, पण ती मला आवडायला लागली होती. आवडणाऱ्या माणसाचं ऐकतो आपण.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, दीड महिना ती तिथे. भाऊजी सोबतीला, आणि घर माझ्या ताब्यात. डॉक्टर सगळ्यांनाच सांगतात तसं आम्हालाही सांगितलं, पेशंटला जंतुसंसर्ग होऊ देऊ नका, घर स्वच्छ ठेवा. ते वाक्य मी धरून बसले. घरी आले, मागच्या दारी गेले, ड्रमचं झाकण उघडलं, आत बारीक किडे वळवळत होते. वाटलं, हिला घरी आणायचं ते यात? आणि मग मी कशालाच मागंपुढं पाहिलं नाही. ड्रम भंगारवाल्याला दिला. दुधाच्या पिशव्या, चोथा साठवायची मडकी, दोऱ्या, डबे, चिंध्या, सगळं काढलं. कापडी पिशव्यांना कुबट वास येतोय असं वाटलं, त्याही गेल्या, माशासकट. सुतार बोलावून जमिनीपासून छतापर्यंत सनमायकाची कपाटं करून घेतली, एकाच रंगाचे प्लास्टिकचे डबे मांडले. दिवसभर शाळा, संध्याकाळी घासणं-पुसणं, कंबरेचा काटा ढिला झाला. पण मनात एकच चित्र होतं, ती येणार, बघणार, आणि तिचा जीव हरखणार. देवाशपथ सांगते, इतक्या प्रेमानं मी आयुष्यात दुसरं काही केलं नाही.

ती आली. भाऊजींचा हात धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली. इकडून तिकडे बघितलं, एकदा दाराच्या मागे बघितलं. “छान केलंस गो. लख्ख केलंस.” मग मागचं दार उघडायला गेली, मी म्हटलं, “ड्रम दिला मी भंगारात. डॉक्टरांनी सांगितलंय.” “हां,” ती म्हणाली, “बरं केलंस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेची तयारी करत होते. आतून हाक आली. “रेखे, माचीस कुठं ठेवलीस?” मी सांगितलं. थोड्या वेळानं, “हळद?” मग, “चाळणी कुठं असते आता?” असते आता… वीस वर्षं त्या घरात डोळे मिटून वावरलेली बाई, पाहुणी आल्यासारखी विचारत होती. मला तेव्हा ते ऐकूच आलं नाही. मला बस गाठायची होती. चौथ्या दिवसापासून तिनं विचारणं बंद केलं. मला वाटलं, रुळली. मी यांना म्हटलंसुद्धा, “बघा, आवडलं तिला.”

एका दुपारी शाळेतून आले तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर पाट घेऊन बसलेली. उभं राहायला त्रास व्हायचा, म्हणून बसूनच असायची. साडीच्या ओच्यात मोसंब्याच्या साली. सुकत आलेल्या. मी विचारलं, “अगं, कधीची बसलीयेस ही घेऊन?” म्हणाली, “तू येशील म्हनून.” दारामागे कचऱ्याची काळी पिशवी टांगलेली होती, हात लांब केला असता तर पोचली असती. मी थकले होते, उन्हातून आले होते. तिच्या ओच्यातून साली उचलल्या, त्या पिशवीत टाकल्या आणि म्हणाले, “इथं टाकायचं फक्त, ताई. सोपं आहे.” ती माझ्याकडे बघून हसली. ते हसू मी सव्वा महिना रोज बघतेय.

पंधराव्या दिवशी तिला ताप चढला, पुन्हा मुंबईला नेलं. जंतुसंसर्गच झाला. माझ्या लख्ख घरातून गेलेल्या बाईला! डॉक्टर म्हणाले, तो आतल्या आतच होता, घराचा काही संबंध नाही, मी विचारलं म्हणून म्हणाले, ड्रमचाही नव्हता. मग? मी कुणासाठी उपसलं होतं ते सगळं?

मागच्या रविवारी मी ठरवलं, तिचं स्वयंपाकघर परत तिच्यासारखं करायचं. जमेल तेवढं. लूमवरून कापड आणायला भाऊजींना सांगितलं, कुंभाराकडून मडकी आणली, आणि कपाटं रिकामी करायला म्हणून जमिनीवर पाट टाकून बसले. त्या स्वयंपाकघरात मी खाली अशी कधी बसलेच नव्हते. खालच्या कपाटाचं दार उघडलं, तर दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं. मोठी, सुटी सुटी, चौथी झालेल्या बाईची अक्षरं. ‘रवा. पोहे. मागं चनाडाळ.’ दुसऱ्या दारावर, ‘चाळनी, सांडशी.’ तिसऱ्यावर, ‘माचीस वरल्या कप्यात, रेखाला सांगून काडून घेने.’ मी शाळेत गेले की ती तिथं बसून माझं घर पाठ करत होती. पुन्हा पुन्हा विचारायला नको, मला बसला उशीर व्हायला नको. बदल मात्र एकही केला नव्हता. मी ठेवलेला एक डबासुद्धा तिनं इकडचा तिकडे केला नव्हता.

शेवटचं दार सिंकखालचं. तो कप्पा मी रिकामाच ठेवला होता, पाइप आहे म्हणून. आत काही नव्हतं, पण दारावर लिहिलेलं होतं. ‘साली हितं ठेवल्या तर चालंल का.’

मी आल्यावर विचारणार असेल ती. कदाचित त्याच दुपारी, त्या साली ओच्यात घेऊन. मी घाईत होते… कपाटाला डोकं टेकून मी तिथंच बसून राहिले. भाऊजी दारात येऊन उभे राहिले, त्यांनी वाकून वाचलं, आणि बाहेर गेले.

कपाटं मी काढली नाहीत. कशी काढणार? प्रत्येक दारावर तिचा हात आहे. फक्त सिंकखाली एक मडकं ठेवलं. रोज सकाळी देठं, साली त्यात टाकते, वर मूठभर माती घालते, आणि दार लावायच्या आधी मोठ्यानं म्हणते, “चालेल, ताई.” परवा भाऊजींनी ओसरीवरून विचारलं, “कुणाशी बोलतेस गो?” मी नळ सोडला आणि ऐकू न आल्यासारखं केलं.