केकवाल्या हाताचा सलाम

केकच्या कारखान्यात तिला सगळे धांदल वहिनी म्हणत. वहिनी जिना उतरायची ती उड्या मारत आणि थांबायची ती कुणावर तरी आदळून. अशा बाईकडे साहेबांनी यंत्राच्या हाताला वळण लावायचं काम दिलं होतं! हात धरून सरकत्या पट्ट्यावरून खोक्यापर्यंत एकदा न्यायचा. मग तो तस्साच दिवसभर केक उचलून ठेवतो.

"वहिनी, तुझ्या लेकराने पुन्हा केक पाडला गं!" पॅकिंगवाल्या काकू ओरडल्या.

तेवढ्यात साहेब हजर. "उद्या एक जरी केक कलंडला, तर तुम्ही परत तळघरात खोकी दुमडायला. काय समजलं?" साहेबांचं प्रत्येक वाक्य 'काय समजलं?' याच खुंटीवर टांगलेलं असे.

वहिनी लगेच यंत्राकडे धावली. तिने हाताचा कमाल वेग निम्म्यावर आणला. तरीही केक पडला तो पडलाच.

"अगं, वेगाचं काय घेऊन बसलीस? हिसका बघ की!" काकू म्हणाल्या. "मध्येच थबकतो, साहेबांच्या केबिनकडे वळतो आणि मग मागे कुत्रं लागल्यासारखा सुटतो. हुबेहूब तू!"

वहिनीने कपाळावर हात मारला. शिकवताना साहेब दिसले की ती थबकायची, मग कामात असल्याचं दाखवायला सुसाट. लेकराने आईचं सगळं उचललं होतं!

तिने केबिनकडे पाठ करून पुन्हा शिकवलं. वेगाला मर्यादा होतीच. आता तो वेग किती झपाट्याने चढावा नि उतरावा, यालाही लगाम घातला. शेवटी भरलेली बादली हिंदकळते ती उचलताना आणि टेकवतानाच.

दुसऱ्या दिवशी झोपलेलं बाळ पाळण्यात ठेवावं, तसे केक खोक्यात उतरले. तरी साहेबांचं तोंड पडलेलंच.

"केक ठीक आहेत हो. पण..." त्यांनी आवाज खाली आणला, "तो माझ्याकडे वळून सलाम करायचा का थांबला?"

काकूंनी ॲप्रन तोंडात कोंबला. तरीच साहेब काचेआड दिवसभर मान डोलवत बसायचे!

वहिनी गंभीरपणे म्हणाली, "सलाम परत घालते, साहेब. पण तो हळूच थांबणार, हळूच निघणार. मागून घाई करायची नाही."

"छे, छे! अजिबात नाही."

"आणि माझी खोकी?"

"खोकी कसली? तुम्ही गेलात तर त्याला रीतभात कोण शिकवणार?"

"मग ठरलं. सलामाला वेळ लागतो. काय समजलं?"

"समजलं," साहेब म्हणाले आणि सवयीने मान डोलावली.