दुमडलेली पानं

अकोल्यातल्या आमच्या शेजारच्या काकू माझ्याकडून पुस्तकं नेतात आणि रडू आलं की ते पान दुमडतात. या खेपेला त्यांनी एका जुन्या इंग्रजी कादंबरीचा अनुवाद नेला. फसवल्या गेलेल्या पोरीलाच गाव वाळीत टाकतं, अशी ती गोष्ट.

परवा त्यांच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मारकुट्या नवऱ्याला सोडून आलेली माझी बहीण ओळीत बसली होती. काकूंनी तिला वगळून करंडा सरळ माझ्यापुढे धरला.

काल त्या पुस्तक परत द्यायला आल्या. अर्धी पानं दुमडलेली होती.

"कावून छळलं वं लोकायनं त्या पोरीले?"

मी म्हटलं, "काकू, ती पोरगी आत चहा करून राहिली. तिलेच विचारा."