वन्स मोर कुणी दिला

आमचे हे रॉक वाजवतात, हे मी लग्नानंतर वीस वर्षं माहेरी कुणाला सांगितलं नव्हतं. इकडे गुजरातेत, पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कलर मास्तर आहेत, एवढंच सांगायची. ते खरंच होतं. बँड आहे म्हटलं असतं तर भावाने मुलीच्या वरातीसाठी बोलावून ठेवलं असतं. बँडमध्ये चौघं होते. हे गिटारवर, बँकेतले एक गृहस्थ ड्रमवर, शाळेतले चित्रकलेचे मास्तर जाड तारांच्या गिटारवर, आणि गायला लिंबायतमधला लूमचे सुटे भाग विकणारा दुकानदार. सुरुवातीला चौघांचेही केस खांद्यावर रुळायचे. कॅसेट निघाली तोवर नुसते खांदेच उरले होते.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. इथल्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी बँडचा वीस वर्षांच्या वाटचालीचा कार्यक्रम झाला आणि तो जसाच्या तसा टेप केला. टेप करणारा लग्नांचं शूटिंग करणारा होता. त्याने एक माइक स्टेजवर लावला आणि एक प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगला. त्या दुसऱ्या माइकने माझा संसार हलवला.

झालं असं की ह्यांची गिटार एकटीच वाजते अशी एक जागा होती. बाकीचे थांबतात आणि हे डोळे मिटून बोटं पळवतात. ती जागा संपते न संपते तोच प्रेक्षकांतून एका बाईचा खणखणीत आवाज आला, "वन्स मोर!" संगीत नाटकात देतात तसा. नाटकात ठीक आहे, तिथे मरून पडलेला नायकसुद्धा उठून पुन्हा गातो. रॉकमध्ये असं कुणी करत नाही म्हणे. पण आमचे हे पडले मराठी. बाईंनी वन्स मोर दिला म्हणजे घ्यायलाच हवा! चालू गाणं थांबवलं, बाकीच्या तिघांना हाताने गप्प केलं, आणि ती जागा पहिल्यापासून पुन्हा वाजवली. पहिल्यापेक्षा दुप्पट मन लावून.

मी त्या वेळी कुठे होते? त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर, साड्यांच्या सेलमध्ये. वर नवरा इतिहास घडवत होता आणि मी एका मोरपंखी साडीचं दुसरं टोक एका अनोळखी बाईच्या हातातून ओढत होते. साडी तिलाच मिळाली. तो दिवसच तसा होता.

कॅसेट आली. ह्यांनी ऐकवायला घेतली, मी चहा गाळत होते. तो आवाज आला आणि गाळणी तशीच हातात राहिली.

"कोण हो ही?"

"बँकेत नव्या बदलून आल्यात. पुण्याच्या. फार जाणकार आहेत."

जाणकार! वीस वर्षांत मी ह्यांना एकच दाद दिली होती, ती म्हणजे "पुरे आता, डोकं दुखतंय."

मला वाटलं, कॅसेट चार घरांत वाजेल आणि विसरली जाईल. कसलं काय. लिंबायतच्या रिक्षांमध्ये ती इतकी वाजली की रिक्षावाल्यांना ती जागा कुठे येते ते पाठ झालं. ते टेप तिथे मागे घ्यायचे, बाईंच्या आवाजासकट पुन्हा ऐकायचे. पोरंही चौकात एकमेकांना बघून "वन्स मोर" ओरडायची. मग छापून यायला लागलं. इथल्या गुजराती दैनिकाच्या पुरवणीत कुणीतरी लिहिलं की वादन चांगलं आहे, पण चालू गाणं मध्येच थांबवून तेच पुन्हा वाजवणं हा भलताच प्रकार, तेवढा भाग कापायला हवा होता. मी ते कात्रण तीनदा वाचलं. इतकं समंजस परीक्षण मी त्याआधी वाचलं नव्हतं. पण पुढच्याच पंधरवड्यात मुंबईच्या एका मराठी साप्ताहिकात उलटं आलं. त्या समीक्षकाच्या मते अख्ख्या कॅसेटचा प्राण त्या एका हाकेत होता. ऐकणारी बाई सुराच्या किती जवळ बसली आहे ते त्यातून कळतं, असंही त्याने लिहिलं होतं.

जवळ! तिसऱ्या रांगेत बसली होती, मी चौकशी केली होती.

खरी आग तर पुढे लागली. सगळे धरूनच चालले होते की आवाज माझा. नवऱ्याला बायकोशिवाय कोण असा वन्स मोर देणार? रिक्षात बसले की रिक्षावाला आरशातून बघून म्हणायचा, "वहिनी, तो तुमनाच आवाज शे ना? भारी दिन्हा!" शेजारची गुजराती भाभी भाजीवाल्यासमोर म्हणाली, "आमची भाभीचा आवाज केवढा मस्त छे!" आता मी काय करायला हवं होतं? "नाही हो, त्या बँकेतल्या बाई" असं म्हणायला हवं होतं. पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, "मग तुम्ही कुठे होतात?" मी मान खाली घालून लाजले. चाळिशी उलटलेली बाई नव्या नवरीसारखी लाजली, आणि आवाज माझा झाला. पुढे पुढे तर मी तपशीलही देऊ लागले. त्या जागेला अंगावर काटा येतो, राहवलंच नाही, वगैरे. त्या वेळची मी आज समोर आली तर तिचा कान धरीन, पण आधी जरा हसून घेईन.

एका रविवारी भाभी आमच्याकडे बसली होती आणि मी तो काटा दुसऱ्यांदा अंगावर आणत होते. दार वाजलं. दारात एक सडपातळ बाई, कापलेले केस, जाड चष्मा, हातात कॅसेट. ह्यांची सही हवी होती. बोलल्या मात्र आणि मी ओळखलं. तोच आवाज.

भाभीला कुठलं राहवतंय! "बेन, या बघा, वन्स मोरवाळी भाभी हीच!"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. बाईंनी क्षणभर चष्मा सारखा केला.

"हो ना," त्या म्हणाल्या, "काय दणदणीत दिला वहिनींनी! मी मागेच होते."

भांडल्या असत्या तर मला किती सोपं गेलं असतं! हे असं मोठ्या मनाने सोडून दिलेलं कुणाला सहन होतं? मी त्यांना चहा दिला, साखर मुद्दाम कमी घातली. त्यांनी कप रिकामा केला आणि चहा छान झालाय म्हणाल्या. त्या गेल्यावर हे एवढंच म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत कार्यक्रम आहे. ये." त्यात टोमणा होता की बोलावणं, मला आजही ठरवता आलेलं नाही.

मी ठरवलं ते वेगळंच. घेतलेला आवाज आता खरा करून दाखवायचा. वन्स मोर द्यायचा, आणि त्या बाईंच्या आधी द्यायचा.

कार्यक्रमाला मी पहिल्या रांगेत बसले. नेमक्या त्या माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसल्या. दोन गाणी झाली. मला कुठे काय संपतं काही कळेना, आणि बाई शेजारी मान डोलावतायत, गुडघ्यावर ताल धरतायत. माझा जीव कासावीस. आता देतील, आता देतील! तिसऱ्या गाण्याच्या आधी हे एकटे पुढे आले, बाकीचे गप्प. ह्यांनी मान वाकवली आणि तारा छेडल्या. टिंग, टिंऽऽग, मग जरा वर, मग पुन्हा खाली. आणि काय सांगू, ते मला ओळखीचं वाटलं. अगदी घरचं वाटलं. हीच ती जागा! हात थांबला रे थांबला, मी उभी राहिले.

"वन्स मोर!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळा हॉल. बाईंनी माझा पदर हळूच ओढला. "वहिनी," त्या कानात म्हणाल्या, "ते सूर लावतायत अजून."

ओळखीचं का नाही वाटणार! वीस वर्षं दर रविवारी हे आतल्या खोलीत सूर लावायचे, तेवढंच मी ऐकायची. गाणं सुरू झालं की स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. ह्यांच्या संगीतातलं मला फक्त तेवढंच येत होतं.

खाली बसायला गेले, पण हे स्टेजवरून माझ्याकडेच बघत होते. हसले नाहीत. सगळ्यांसमोर खुंट्या पिळून तारा पुन्हा सैल केल्या आणि पहिल्यापासून सूर लावायला घेतला. टिंग, टिंऽऽग. हॉल गप्प झाला. दुकानदार गायक माइकला धरून उभा. पूर्ण सूर लागेपर्यंत हे थांबले नाहीत, आणि शेवटी मला मान लववून नमस्कार केला. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात शेजारून.

परतताना स्कूटरवर मी ह्यांच्या पाठीला सांगितलं, "हसू नका."

"हसत नाहीये."

"भाभीला आणि रिक्षावाल्यांना मी खरं काय ते सांगून टाकणार आहे."

"सांग."

उधना दरवाजा आला. ट्रकने वाट अडवली होती, स्कूटर थांबली. मला राहवेना.

"एक विचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"तेव्हा त्यांच्यासाठी जास्त मन लावून वाजवलं होतंत, की आज माझ्यासाठी?"

ह्यांनी विचार केला. खरा माणूस, विचार करूनच बोलायचा. "तेव्हा," म्हणाले. "ती जागाच तशी आहे गं."

ट्रक हलला. स्कूटर निघाली. मी दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे सगळ्यांना खरं सांगितलं, भाभीला, रिक्षावाल्याला, अगदी भाजीवाल्यालाही. आणि तीन दिवस ह्यांच्या वरणात मीठ घातलं नाही. ह्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, तेही मला पटलं नाही.