दहा लाख एक, आणि पर्याय कुठंय?

मंडळी, आज डोकं लई तापलंय, म्हणून इथं लिहायलोय.

लातुरात अकरावी-बारावीच्या पोरांना मी गणित शिकवतो. आज सकाळी फळ्यावर १०,००,००१ लिहिलं आणि विचारलं, ही मूळसंख्या आहे का? म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही का?

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "सर, पर्याय?"

म्हटलं, अ-ब-क-ड असले पर्याय नाहीत. तीन, सात, अकरा, तेरानं भागून बघा.

कुरकुरत भागलं. चारही वेळा बाकी दोन उरली! मला तर अजूनही हे बघून भारी वाटतं. आता कुणीतरी विचारणार, सर, दरवेळी दोनच का?

निलंग्याची एक हुशार पोरगी उठली. मी खूश.

"सर, परीक्षेत एका प्रश्नाला एवढा वेळ न्हाई भेटत."

वैतागून पर्याय लिहिले: मूळ आहे, मूळ नाही. लगेच सगळे हात 'आहे'ला वर.

मग दाखवलं, १०१ नं पूर्ण भाग जातो, उत्तर ९९०१. वाटलं, आता तरी चकित होतील. पोरांनी उतरवून घेतलं, खाली लाल रेघ मारली आणि विचारलं, "सर, हे पाठ करायचं का?"

खडू ठेवून बाहेर आलो.

आज घरी तुमच्या पोरांना एवढंच विचारा, दरवेळी दोनच का उरतात? उत्तर नाही आलं तरी चालेल. पण त्यांनी पर्याय मागितले, तर मला कळवू नका.